निंदा फक्त रविवारी

आमच्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं आहेत. एक माझं, एक टीचरांचं. माझ्या दारावर तोरण, त्यांच्या दारावर छोटा लाकडी क्रूस, आणि या दोन दारांमधून इतकी वर्षं ज्या वाट्या इकडून तिकडे गेल्यात त्यावर एखादी खानावळ सहज चालली असती. टीचर मूळच्या वसईकडच्या, मराठी कॅथलिक. मराठी बोलतात माझ्यापेक्षा शुद्ध. मी कोकणातली, टेलिफोन खात्यात आयुष्य गेलेलं, आणि माझ्या तोंडाला लगाम नाही हे आमच्या यजमानांनी चारचौघात सांगून झालेलं आहे. टीचरांनी निवृत्त होईपर्यंत कळव्यातल्या शाळेत शिकवलं. अर्ध्या वॉर्डाने त्यांच्या हातची पट्टी खाल्लीय. रस्त्यात दिसल्या की पन्नाशीचे पुरुष अजून शर्टाची बटणं लावतात.

अशा बाईला निवडणुकीचं तिकीट मिळालं. आता ते का मिळालं ते ऐका. आमच्या वॉर्डाचे नगरसेवक मुंबईला मोठ्या पदावर गेले, महापालिकेची निवडणूक लागली आणि सोडतीत वॉर्ड निघाला महिला राखीव. नगरसेवकांनी लगेच बायकोला उभं केलं. बॅनरवर बायकोचा फोटो पासपोर्टएवढा, नवऱ्याचा दाराएवढा. समोरच्या पक्षाकडे, म्हणजे ज्यांच्याशी टीचरांची फक्त तोंडओळख होती त्यांच्याकडे, कोणाची तरी बायको नसलेली एकही बाई सापडेना. शेवटी कोणीतरी म्हणालं, अरे, टीचर आहेत की! विधवा आहेत, मुलगा परदेशात, डाग नाही, आणि चर्चची मतं फुकटात.

हा निरोप घेऊन पक्षाचा प्रचारप्रमुख आला. त्याला सगळे भाऊ म्हणतात. गोल चेहरा, पांढरे बूट, बोलताना दोन्ही हातांनी हवा कापायची सवय. तो आला नेमका राखेच्या बुधवारी. टीचर नुकत्याच चर्चमध्ये मिस्सा करून आलेल्या, कपाळावर राखेचा क्रूस. या दिवसापासून ईस्टरपर्यंत त्यांचा उपवासकाळ. भाऊने कपाळाकडे पाहिलं आणि त्याचे डोळेच चमकले. म्हणाला, "वा टीचर! विभूती! आत्ताच महाशिवरात्र झालीय, फोटो काढून घेऊ, बॅनरला एक नंबर जाईल."

टीचरांनी शांतपणे सांगितलं की ही विभूती नाही. आपण मातीचे आहोत, एक दिवस मरणार आहोत, याची ही आठवण आहे.

"अरे बापरे," भाऊ म्हणाला. "प्रचाराच्या पहिल्याच दिवशी?"

मी सोफ्यावर बसून शेंगा सोलत होते. मला वाटलेलं टीचर याला चहा पाजून वाटेला लावणार. पण त्या म्हणाल्या, "मी उभी राहीन. एका कामासाठी. दफनभूमी."

हे काम काय होतं ते मला ठाऊक होतं, कारण टीचरांचे मिस्टर, आमचे सर, वारले तेव्हा मी टीचरांसोबत गेलेले. खाडीच्या अलीकडे, आमच्या बाजूला, ख्रिस्ती लोकांना पुरायला जागा नाही. कळव्यात मरा, दिवा स्टेशनजवळच्या भाड्याच्या खोलीत मरा, न्यायचं पूल ओलांडून ठाण्यालाच. आणि तिथे एवढी गर्दी, की माणूस जमिनीत काही काळच राहतो. मग ती जागा दुसऱ्याला देतात आणि आधीच्याची हाडं भिंतीतल्या एका कोनाड्यात. सरांची पाळी संपत आली होती. टीचर कधी रडल्या नाहीत, पण एकदा मला म्हणाल्या, "ताई, आयुष्यभर भाड्याच्या घरात राहिलो. निदान मेल्यावर तरी मालकाने घर खाली करा म्हणू नये." मी उठून त्यांच्याच गॅसवर चहा टाकला.

बरं, जागाच नाही असंही नाही. महापालिकेच्या नकाशात आमच्या वॉर्डात दफनभूमीचं आरक्षण कित्येक वर्षांपासून आहे. त्या जागेवर लग्नाचं लॉन आहे. हिरवा गालिचा, प्लास्टिकचे कारंजे, बाहेर दोन पांढरे घोडे. ते लॉन भाऊच्याच पक्षाच्या साहेबांच्या मेहुण्याचं. हे वॉर्डातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे, आणि म्हणूनच कोणी बोलत नाही.

भाऊ दफनभूमी म्हटल्यावर जरा गडबडला. खिशातून फोन काढून कानाला लावला. पलीकडे कोणी नव्हतं, स्क्रीन बंद होती, मला दिसत होती. मग म्हणाला, "करू की टीचर, निवडून आल्यावर करू. फक्त प्रचारात मयताचा विषय नको. आणि तो तुमच्या लोकांचा विषय आहे, बाकीच्यांना काय त्याचं?"

टीचर हो म्हणाल्या. प्रचारात बोलणार नाही, निवडून आल्यावर करून घेईन. शब्द दिला. बाईंचा शब्द म्हणजे काय असतो, हे भाऊला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला दुसरी बातमी दिली. दरवर्षी उपवासकाळात त्या मांस-मच्छी सोडतातच, शिवाय एक आवडती गोष्ट सोडतात. एका वर्षी चहा सोडलेला, तेव्हा त्यांच्या घरात जायची सोय नव्हती. एका वर्षी टीव्हीवरच्या मालिका. यंदा राखेच्या बुधवारी, भाऊ यायच्या आधीच, चर्चमध्ये बसून त्यांनी मनाशी ठरवलेलं की ईस्टरपर्यंत कोणाचीही निंदा करायची नाही.

"निंदा?" मी ओरडलेच. "अहो मग मी संध्याकाळी तुमच्याकडे येऊन करू काय?"

माझं दुःख खरं होतं. आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी, वरच्या मजल्यावरची ती पाणी सांडणारी, तळमजल्यावरचा तो, यांच्यावर आमच्या संध्याकाळी चालायच्या. पण माझं मरू दे. भाऊचं काय झालं ते पाहण्यासारखं होतं.

"म्हणजे समोरच्या उमेदवाराबद्दल वाईट बोलायचंच नाही?" त्याने विचारलं.

"नाही."

"थोडंसं?"

"नाही."

"टीचर, हे इलेक्शन आहे. सत्यनारायण नाही." त्याने माझ्याकडे पाहिलं, मी काही मदत करते का म्हणून. मग त्याला एकदम आठवलं, "माझी आई चातुर्मासात कांदा-लसूण सोडायची. तुम्ही पण तसंच काहीतरी सोडा ना! वांगं सोडा. कारलं सोडा, कारल्याला मी पण तयार आहे."

टीचर हसल्या. ठरलं ते ठरलं, म्हणाल्या.

प्रचार सुरू झाला आणि माझी करमणूकही. मी प्रत्येक फेरीला बरोबर असायचे, पाण्याची बाटली आणि टीचरांची पर्स सांभाळायला. पहिला घोटाळा बॅनरचा. पक्षाच्या डिझायनरने टीचरांचा फोटो कॉम्प्युटरवर असा काही सजवला की त्यांच्या कपाळावर मोठी टिकली, गळ्यात काळे मणी आणि डोक्यावर पदर. मागे किल्ला. सर वरून बघत असतील तर त्यांना वाटलं असेल, बायकोने दुसरं लग्न केलं. दुसरी कोणी असती तर तिने डिझायनरच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. टीचरांनी बॅनरकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "फोटो छान आलाय. फक्त माझा नाही."

मग आरतीचा प्रश्न. समोरच्यांनी उठवलेलं की ही बाई निवडून आली तर सोसायट्यांमधली देवळं काढणार. आता आमच्या सोसायटीच्या गणपतीत आरतीचा सूर टीचरच धरतात. चर्चमध्ये गाऊन तयार झालेला गळा तो, बाकी आम्ही सगळे नुसते ओरडतो. भाऊला हे कळल्यावर तो खुश झाला, आरती करतानाचा व्हिडिओ काढू म्हणाला. पण माघी गणपती होऊन गेलेला, भाद्रपद लांब. "मूर्ती भाड्याने आणू का?" त्याने खरंच विचारलं. मी म्हटलं, देवाला भाड्याने आणशील, मग परत करताना विसर्जन कुठे करशील, गोडाऊनमध्ये? तेव्हा कुठे त्याने तो विषय सोडला.

आणि घरोघरचा प्रचार! चाळीत शिरलो की बायका पाण्यावरून सुरू व्हायच्या. तीन दिवस नळ कोरडा, कोण जबाबदार ते सांगा. भाऊ मागून डोळे मोठे करायचा: घ्या टीचर, घ्या नाव! टीचर म्हणायच्या, "नीट चौकशी केल्याशिवाय कोणाचं नाव घेणं बरोबर नाही." बायकांचा उत्साह फुस्स. एका घरात विचारलं, समोरची बाई कशी आहे हो, तुमची विद्यार्थिनी ना? टीचरांचा चेहरा उजळला. "फार गुणी मुलगी. अक्षर काय सुंदर!" ती गृहिणी आमच्यासमोरच नवऱ्याला म्हणाली, बघा, टीचरच सांगतायत तर हिलाच देऊ या मत. भाऊने भिंतीला कपाळ टेकलं आणि तसाच उभा राहिला.

त्याच्याकडे एक हुकमी पान होतं, ते वाया जात होतं. समोरची उमेदवार पाचवीत कॉपी करताना पकडली गेलेली, असं वर्गातल्या कोणीतरी त्याला सांगितलेलं. "तुम्ही फक्त माईकवर एवढं म्हणा, टीचर. पाचवीत कॉपी, आता कोट्यवधीची कॉपी. बाकीचं मी व्हायरल करतो." टीचर खिडकीबाहेर बघत राहिल्या.

शेवटी भाऊ मला घेऊन फादरांकडे गेला. वरच्या साहेबाकडून परवानगी आणू, म्हणाला. त्याची समजूत अशी, की पक्षात जसं असतं तसंच तिथेही असणार. फादर वयस्कर, वसईचेच, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता विनोद करणारे. भाऊने पोटतिडकीने सगळं मांडलं. फादर म्हणाले, "हा नियम आमचा नाही. तो त्यांनी स्वतःला घातलाय. मी काय सोडवणार?" भाऊ उठायला लागला, तेव्हा फादर सहज म्हणाले, "तसे उपवासकाळाचे दिवस मोजताना आम्ही रविवार धरत नाही. रविवार हा सणाचा दिवस. पुष्कळ लोक रविवारी सूट घेतात."

भाऊ परत खाली बसला. "फादर, परत एकदा सांगा."

फादरांनी परत सांगितलं. मला आठवलं, चहा सोडलेल्या वर्षी टीचर दर रविवारी सकाळी माझ्याकडे येऊन दोन कप रिचवायच्या! भाऊ बाहेर आला तो नाचतच. चर्चच्या पायरीवर उभं राहून त्याने फोन लावला, या वेळी खराखुरा. "साहेब, सगळ्या मोठ्या सभा रविवारी लावा. नाही, मुहूर्त नाही. त्यांच्यात निंदा फक्त रविवारी अलाउड आहे."

पण रविवारी सभांचं मैदान समोरच्यांनी आधीच अडवून ठेवलेलं. एकच रविवार हाती लागला, मतदानाच्या आधीचा. तो झावळ्यांचा रविवार होता, ईस्टरच्या बरोबर आधीचा, चर्चमध्ये झावळ्या वाटतात तो. आणि जागा? जागा साहेबांच्या मेहुण्याने दिली. लॉन.

मला ते कळलं तेव्हा मी टीचरांकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "बरं." एवढंच.

त्या संध्याकाळी लॉन गच्च भरलेलं. आदल्या दिवशी कोणाचं तरी लग्न झालेलं, स्टेजवरची फुलं तशीच ठेवलेली. मागच्या बाजूला बिर्याणीची पातेली, त्यामुळे गर्दीला शिस्त होती. साहेब मधोमध राजाराणीच्या खुर्चीत. टीचर चर्चमधून थेट आलेल्या, हातात झावळीच्या पातीचा विणलेला छोटा क्रूस. भाऊने माईकवरून वातावरण तापवलं: आज टीचर बोलणार! आज टीचर कोणाला सोडणार नाहीत!

टीचर उठल्या. वर्गात शिरल्यावर थांबायच्या तशा थांबल्या, आणि खरंच सगळे गप्प झाले.

"आज रविवार आहे," त्या म्हणाल्या. "आज मला निंदा करायची मोकळीक आहे, असं भाऊंनी मला कळवलंय. तर करते. आधी एक गोष्ट. जिच्याविरुद्ध मी उभी आहे तिने पाचवीत कॉपी केली नव्हती. शेजारची मुलगी रडत होती म्हणून तिला उत्तर दाखवत होती. मी दोघींना पट्टी मारली, आणि हिला मारायला नको होती."

भाऊचा हात हवेतच राहिला.

"आता निंदा. ती मी माझ्या पक्षाची करते, कारण दुसऱ्यांची मला तेवढी माहिती नाही. तुम्ही सगळे ज्या खुर्च्यांवर बसला आहात त्या खुर्च्या कुठे ठेवल्यात? नकाशात ही दफनभूमी आहे. आपण सगळे दफनभूमीत बसून बिर्याणीची वाट बघतोय. ही जागा ज्यांनी अडवली ते माझ्या शेजारी बसलेत. मी शब्द दिलेला की प्रचारात हे बोलणार नाही. पण तुम्ही मला आणून इथेच उभं केलंत. इथे उभं राहून गप्प बसले असते तर ते खोटं झालं असतं. शब्द मोडला, त्याची माफी मी चर्चमध्ये मागेन. माझे मिस्टर खाडीपलीकडे दुसऱ्याची पाळी येईपर्यंतच झोपलेत. त्यांना इथे आणायचं होतं."

माईक बंद झाला. कोणी केला ते कळलं नाही, आणि काही फरकही पडला नाही. बाईंनी आयुष्यभर साठ-साठ पोरांच्या वर्गात माईकशिवायच बोललेलं. साहेब उठून चालायला लागले. मागून कोणीतरी म्हणालं, मयताचा विषय भरल्या सभेत कशाला, ज्यांचा त्यांनी बघावा.

तेव्हा दुसऱ्या रांगेत बसलेली खारेगावची एक म्हातारी, हातात प्लॅस्टिकची पिशवी, उठून मागे वळली. "ज्यांचा त्यांनी म्हंजे काय रं? दात न आलेलं पोर आमी पन जाळीत नाय. पुरताव. आमचे पोरांना पन जागा नको काय?"

मी भाऊकडे पाहिलं. मला वाटलं तो रागाने लाल झाला असेल. तो खुर्चीला धरून उभा होता आणि त्याच्या तोंडाला रंगच नव्हता. मग त्याने फोन काढून कानाला लावला आणि स्टेजच्या मागे गेला.

टीचर निवडणुकीत पडल्या. पडायच्याच होत्या. पक्षाने शेवटच्या दोन दिवसांत त्यांचे बॅनर स्वतःच उतरवले, त्यामुळे ती टिकलीवाली बाई तरी एकदाची गेली. निवडून आलेली विद्यार्थिनी निकालाच्या संध्याकाळी पाया पडायला आली. टीचरांनी तिला लॉनचं विचारलं, ती म्हणाली, बघू या टीचर, यांना विचारून सांगते. अक्षर मात्र खरंच सुंदर असणार हो!

दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडे. दुपारी टीचर चर्चमधून उपाशी, दमून आलेल्या, मी त्यांच्याजवळ बसलेले. बेल वाजली. भाऊ. पांढरे बूट त्याने दाराबाहेर काढले, एरवी कधी काढायचा नाही. आत आला आणि उभाच राहिला.

"टीचर, मला शिव्या घाला," तो म्हणाला.

टीचरांनी खुर्ची पुढे सरकवली, तो बसला नाही.

"आमची पहिली मुलगी. बारशाच्या आधीच गेली. मी मांडीवर घेऊन रिक्षाने पुलापलीकडे नेलेली. एका कडेला पुरली. आता तिथे शेड बांधलीय, जागाच सापडत नाही. आणि मी तुम्हाला म्हणत होतो, तुमच्या लोकांचा विषय." त्याचे ते हवा कापणारे हात नुसते लोंबत होते. "घाला ना शिव्या. तुम्ही घातल्यात तर मला बरं वाटेल."

"आज शुक्रवार आहे, भाऊ," टीचर म्हणाल्या. "रविवारी या."

तो ईस्टरचा रविवार. भाऊ आला, बायकोला घेऊन आला. बाई बारीक, अबोल, पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसलेली. टीचरांनी शिवी एकही घातली नाही. चहा दिला, ईस्टरची बदामाची अंडी पुढे ठेवली. लॉनवर लग्न होतं, बँडचा आवाज थेट आमच्या खिडकीत येत होता. टीचरांनी विचारलं, "मुलीचं नाव काय?"

"नाव कुठलं टीचर," भाऊ म्हणाला. "बारसंच झालं नव्हतं."

"मी ठेवलेलं," त्याची बायको म्हणाली.

भाऊ तिच्याकडे बघतच राहिला. इतक्या वर्षांत त्याने विचारलं नव्हतं आणि तिने सांगितलं नव्हतं. तिने नाव सांगितलं, इतक्या हळू की बँडच्या आवाजात ते मला ऐकूच आलं नाही.

टीचरांना आलं. त्यांनी पाठ सरळ केली आणि ते नाव स्पष्ट, मोठ्याने उच्चारलं, वर्गात हजेरी घेताना उच्चारायच्या तसं. क्षणभर थांबल्या. आणि ती बाई, डोळ्यांतून पाणी वाहतंय तरी मान वर करून, म्हणाली, "हजर."